रा. रा. प्रकल्प अहवाल यांसी



आम्ही मंगळवेढा तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बायका. कडक भाकरी करून विकतो. आपली ओळख नाही, पण आमच्याच नावाने आपला जन्म झाला, म्हणून हे चार शब्द.

आधी आपल्या रूपाचं कौतुक. काय ते गुळगुळीत पान, काय तो रंगीत आलेख! आपल्याला प्लास्टिकचं पारदर्शक कव्हर आहे, आमच्या भाकरीला अजून परवडलेलं नाही.

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची प्रधानमंत्री योजना 2020 साली आली. मेळाव्यात सांगितलं, प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के अनुदान, कमाल 10 लाख. आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढचं जरा हळू आवाजात झालं: किमान दहा टक्के पदरचे, बाकी बँकेचं कर्ज, आणि अनुदान तीन वर्षं कुलपात, हप्ते नीट गेले तरच ते कर्जात वळतं. म्हणजे सहा लाखांच्या यंत्रांसाठी साठ हजार आमचे, पाच लाख चाळीस हजार बँकेचे आणि दोन लाख दहा हजार सरकारचे, नुसते बघायला. यात सगळंच चूक नाही. अनुदान उचलून यंत्र गंजत ठेवणारे आम्हीही पाहिलेत. पण ज्याला आधी कर्ज मिळेल त्यालाच मदत, ही युक्ती दाद देण्यासारखी आहे. सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचं, शेड सासऱ्याच्या जागेत. आमच्या नावावर काय, तर ठराव.

बँकेत आम्ही गटाची वही नेली होती. दर आठवड्याची बचत, कुणी किती उचललं, कधी फेडलं, सगळं शाईने लिहिलेलं. साहेबांनी ती न उघडताच विचारलं, ‘प्रोजेक्ट रिपोर्ट?’ मग तालुक्याच्या गावी एका जाणकाराने पैसे घेऊन आपल्याला छापून दिलं. आपल्याला मात्र साहेबांनी उठून दोन्ही हातांनी घेतलं.

आपण पहिल्या वर्षी साठ टक्के क्षमतेने चालता, दुसऱ्या वर्षी सत्तर, तिसऱ्या वर्षी ऐंशी. वर्षाचे तीनशे दिवस, दिवसाचे आठ तास. आपल्याकडे लाइट जात नाही. ज्वारीची काढणी लागली की गटातल्या निम्म्या बायका मजुरीला रानात असतात, हे आपल्या कोष्टकात बसत नाही. आषाढीला पंढरपूरकडून येणारी मागणी त्या एका महिन्यात तवा सतत तापलेला ठेवते, तेही बसत नाही. आपला प्रत्येक महिना सारखा. शिवाय आपलं गिऱ्हाईक रोख देतं. आमचे दुकानदार पुढच्या खेपेला देतात.

एक शंका आहे, राग मानू नये. पान अकरावर ‘ज्वारीच्या झाडांची लागवड’ आणि ‘ज्वारीची टरफले जळणास’ असं लिहिलंय. पुढे ‘समुद्रकिनारी येणारे पर्यटक ही प्रमुख बाजारपेठ’. आपले पूर्वज कोकणातले काजूवाले असावेत. जाणकाराने काजू पुसून ज्वारी घातली, समुद्र पुसायचा राहिला. गंमत म्हणजे बँकेने तरीही आपल्याला मंजुरी दिली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे हो, 2016 पासूनचं! त्याचा एक शब्द आपल्यात नाही, पण लाटांचा आवाज आहे.

आता खरं गाऱ्हाणं. मालदांडी ज्वारी स्वस्त मिळते ती काढणीनंतर, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. वर्षाचा माल तेव्हाच भरायचा. कर्ज यंत्रापुरतं मंजूर झालं, तेही आवक ओसरल्यावर, भाव चढल्यावर. सदस्यामागे 40 हजारांचं बीजभांडवल योजनेत आहे, खेळत्या पैशासाठीही आहे, पण ते बचत गटांच्या संघामार्फत येतं. त्याचा अर्ज वेगळा आणि त्याला लागणारे आपले धाकटे बंधूही वेगळे. पीठ मळायचं नवं यंत्र शेडमध्ये उभं आहे. मळायला पीठ नाही. आम्ही त्याला रोज पुसतो.

तरी एक विनंती. आपल्या कोष्टकात एखादी ओळ रिकामी असेल तर तिथे ‘उधारी’ लिहावं आणि महिन्यांना थोडं मागेपुढे होऊ द्यावं. समुद्र राहू द्या, पोरांना बघायचाच आहे.

कळावे, लोभ असावा.

आपल्या,
गटाच्या अध्यक्षा, सचिव व सर्व सदस्या

ता. क. आपली एक झेरॉक्स बाजार समितीतल्या अडत्याला दाखवणार आहोत. तिसऱ्या वर्षाचा नफा बघून त्याने दोन क्विंटल ज्वारी उधार दिली, तर कळवू.