हरायला कुठे जायचं?

ऑगस्ट लागला की न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मराठी घरांत गणपतीच्या मखराआधी एक वेगळाच विषय निघतो. यंदा रटगर्स विद्यापीठाच्या फुटबॉल संघामागे कुठल्या गावाला जायचं? कुणी स्वतः तिथून मास्टर्स केलेलं असतं, कुणाची मुलगी तिथे शिकत असते, आणि स्टेडियम तर शेजारच्या पिस्कॅटवेतच. पण घरच्या गेमला काय, कुणीही जातो. निष्ठेचा कस लागतो तो परगावी. एक लाख माणसं आपल्या नावाने बोंब मारताहेत आणि आपण पार वरच्या कोपऱ्यात, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या गारठ्यात, लाल टीशर्ट घालून बसलोय, याला म्हणतात फॅन.

इतर कॉलेजांचे लोक अवे गेम निवडताना आधी विचारतात, ‘जिंकू का?’ आमच्याकडे हा प्रश्न उपस्थित करणं शिष्टसंमत नाही. अमेरिकेतली पहिली कॉलेज फुटबॉल मॅच ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू ब्रन्सविकला झाली आणि रटगर्सने प्रिन्स्टनला ६-४ असं हरवलं, असा इतिहास आहे. पहिलीच जिंकून दाखवली. पुढच्या सगळ्या जिंकल्याच पाहिजेत असं कुठे लिहिलंय? २०१४ साली आम्ही बिग टेन या कॉन्फरन्समध्ये दाखल झालो आणि २०१६ च्या ऑक्टोबरात ओहायो स्टेटने कोलंबसला ५८-० असं धुतलं. पुढच्याच शनिवारी मिशिगनने आमच्या अंगणात येऊन ७८-० केलं. तेव्हा घरी बसलं की अब्रू शाबूत राहते, हाही भ्रम गेला. मग हरायचंच आहे तर निदान जागा तरी बरी बघावी.

पूर्वी हे सोपं असावं. अवे गेम म्हणजे शेजारच्या राज्यातला जुना वैरी, गाडीत डबे भरायचे, जायचं, शिव्या खायच्या, रात्री घरी. आता बिग टेनमध्ये अठरा कॉलेजं आहेत. मोजदादीचा विषय त्या मंडळींनी फार पूर्वीच सोडला. २०२४ पासून त्यात लॉस एंजेलिसची दोन, ओरेगन आणि वॉशिंग्टन, म्हणजे पॅसिफिकच्या काठचा माल. तिकडे कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड त्याच वर्षी अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये गेलं. भूगोलाच्या मास्तरांनी राजीनामा द्यावा. कारण शोधायला लांब जायला नको. बिग टेनचा टीव्हीशी सात वर्षांचा करार सात अब्ज डॉलरच्या वरचा असल्याचं सांगतात, आणि टीव्हीला रात्री उशिरापर्यंत दाखवायला काहीतरी लागतं. म्हणून २०२४ च्या ऑक्टोबरात आमची पोरं एका शुक्रवारी लॉस एंजेलिसला यूएससीशी खेळली. न्यू जर्सीच्या घड्याळात तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. ४२-२० हरल्याचं पाहायला जे जागले, त्यांना कॉलेजने एखादं श्रेयांक प्रमाणपत्र द्यायला हरकत नव्हती.

टीव्हीचा दुसरा उपकार वेळेचा. गेम शनिवारी आहे हे महिनोन्महिने आधी कळतं. तो दुपारी बाराला, साडेतीनला की रात्री साडेसातला, हे बऱ्याचदा बारा दिवस आधी आणि कधीकधी सहाच दिवस आधी जाहीर होतं. लग्नाचा हॉल बुक, पत्रिका वाटलेल्या आणि मुहूर्त मात्र वाहिनीवाले सवडीने कळवणार! तोवर विमानाचं तिकीट परत न मिळणाऱ्या पैशांत काढलेलं असतं. आणि एरवी ज्या मोटेलकडे ट्रकवालेसुद्धा ढुंकून बघत नाहीत, ते त्या वीकेंडला तिप्पट भाव सांगून वर दोन रात्रींची अट घालतं.

तरी निवड करायचा आव आणायलाच हवा. टोळक्यात दोन तट पडतात. एक मॅडिसनवाला. तिथे तिसऱ्या आणि चौथ्या क्वार्टरच्या मध्ये ‘जंप अराउंड’ हे गाणं लागतं आणि विस्कॉन्सिनचं अख्खं स्टेडियम उड्या मारतं. पाहुण्याचे गुडघे कसेही असोत, कट्टा हलला की तोही हलतो. शाकाहाऱ्यांना तळलेले चीज कर्ड्स मिळतात, म्हणजे एकादशी नसेल तर निभाव लागतो. दुसरा तट आयोवावाला, आणि खरं सांगायचं तर मीही त्यातला. आयोवा सिटीला पाहुण्या संघाची ड्रेसिंग रूम गुलाबी आहे. मानसशास्त्र शिकलेल्या हेडन फ्राय नावाच्या कोचची ही कल्पना: गुलाबी रंगात माणूस नरमतो म्हणे. पुढे भिंतींवर समाधान न मानता मुताऱ्याही गुलाबी झाल्या. एवढं करून पहिला क्वार्टर संपला की हेच लोक शेजारच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलकडे वळतात आणि खिडकीतल्या पोरांना हात करतात. सत्तर हजार माणसं, पाहुण्यांसकट. २०१७ पासून हे चालू आहे आणि अजून तरी त्याला कुणी प्रायोजक चिकटवलेला मी पाहिला नाही. तेवढ्यासाठी मी तिथे हरायला एका पायावर तयार आहे.

नेब्रास्काचं नाव निघतं आणि मागे पडतं. १९६२ पासून त्यांचं स्टेडियम दर गेमला हाउसफुल्ल आहे आणि प्रेक्षक पाहुण्या संघासाठीही टाळ्या वाजवतात. इतकं सौजन्य परवडत नाही. हरल्यावर चिडायला कुणी उरत नाही.

मग मतदान होतं, मॅडिसन-आयोवा अटीतटीला येतं, आणि कुणीतरी पिल्लू सोडतं, “कोलंबसला माझा मावसभाऊ असतो.” संपलं. त्याचं बेसमेंट रिकामं आहे, दोन सोफे उघडतात, आणि वहिनींनी फोनवर आधीच दम दिलाय, “भाऊजी, घर असताना हॉटेल केलंत तर बघा!” गाडीने आठ-नऊ तास, पण पेट्रोल चौघांत. ओहायो स्टेटला आम्ही आजवर एकदाही हरवलेलं नाही, हा मुद्दा मांडणाऱ्याला ‘नकारात्मक’ ठरवून गप्प बसवलं जातं. ज्या वर्षी त्यांच्याशी गेम त्यांच्या गावी असतो, त्या वर्षी आमची निवडप्रक्रिया अशी पूर्ण पारदर्शक पद्धतीने पार पडते.

पारदर्शक पिशवीचंही तेच. स्टेडियममध्ये दुसरी कुठली चालत नाही, त्यामुळे वहिनींनी बांधून दिलेला पोह्यांचा चिवडा गेटवरच्या गार्डला लांबूनच दिसतो. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. मग पार्किंगमध्ये, शेजारी ग्रिलवर मांस भाजणाऱ्या अनोळखी कुटुंबाला अर्धा वाटून, उरलेला उभ्या-उभ्या संपवायचा. “व्हेरी स्पायसी,” असं म्हणत ते तिसऱ्यांदा मूठ पुढे करतात.

एक सोय मात्र या निर्णयाची कुणी बोलून दाखवत नाही. रटगर्सचा रंग लाल आणि ओहायो स्टेटचाही लालच. तिसऱ्या क्वार्टरला स्कोअरबोर्डाकडे बघवेनासं झालं की टीशर्टावरचं नाव जॅकेटच्या चेनखाली सरकवायचं. शेजारचे आजोबा खुशीत येऊन टाळी मागतात. द्यावी. घरी गेल्यावर वहिनींनी विचारलं तर सांगायचं, गेम एकदम मस्त झाला.