चढाचा हिशेब

वासोटा अवघड की दंडोबा, असं साताऱ्यात कुणी विचारलं तर लोक त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघतील. वासोट्याचा थाटच निराळा. बामणोलीला परवाना काढायचा, शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या, पाण्यातून बोटीनं तासाभराहून जास्त जायचं. त्या पाण्याखाली एकेकाळची गावं आणि शेतं आहेत हे आठवलं, की बोटीतल्या गप्पा जरा हळू होतात. मग मेट इंदवली आणि चढ. ताई तेलिणीनं इथूनच पेशव्यांच्या बापू गोखल्यांना झुंजवलं. 1818 साली इंग्रजांनी गड घेतला तो शेजारच्या जुन्या वासोट्यावरून तोफा डागून. म्हणजे एक चढ चुकवायला त्यांनी दुसरा चढ तोफांसकट चढला. साहेबाचा हिशेब!

दंडोबाला असला इतिहास नाही. मिरजेच्या पूर्वेला, पाऊस ज्या बाजूला कचरत येतो तिथला हा डोंगर. खडकात कोरलेलं महादेवाचं लेणं, श्रावणी सोमवारची गर्दी, एवढाच बडेजाव. तिकडचे आमचे मामा त्याला 'टेकाड' म्हणतात, तेही लाडानं.

तरी मला दोघांत डावं-उजवं ठरवता येत नाही. वासोट्याची झाडी इतकी दाट, की किती चढ उरलाय ते कळतच नाही. ऊन पानांतून गाळून येतं, ओल्या मातीत गव्याच्या खुराचा ठसा दिसतो, आणि माणूस पुढच्या वळणापुरतंच चढत राहतो. वरून उतरणारे "आलंच की, धा मिन्टं" म्हणतात. त्यांचं ते खोटं वाटेवरच्या पाणपोईसारखं असतं, फुकट आणि वेळेवर मिळणारं. दंडोबावर ही सोय नाही. उन्हाळ्यात पायथ्याशी उभं राहावं तर शेंडा, वाट, खुरटी झुडपं सगळं एकदम उघडं. धा मिन्टं म्हणायला जावं, तर ऐकणाऱ्यालाही वरपर्यंत दिसत असतं. मला तरी दिसणारा चढच जास्त दमवतो.

मामांना हे सांगितलं तर ते पान जुळवता जुळवता म्हणाले, "तुम्ही चढताय ते हौसेनं. पाण्याला इचार चढ म्हंजे काय."

खरंच होतं ते. वासोट्याच्या पायथ्याचं पाणी, धरणातून पूर्वेला सोडलेलं तेवढं, कऱ्हाडला कृष्णेत मिळतं, सांगलीवरून खाली येतं आणि म्हैसाळला पंपांच्या हाती सापडतं. तिथून टप्प्याटप्प्यानं ते वर चढवतात, मिरजेच्या पूर्वेकडच्या, कवठेमहांकाळ-जतच्या कोरड्या रानांकडं. वासोट्याकडून निघून दंडोबाच्या मुलखापर्यंत आलेला एवढाच एक ट्रेकर मला माहीत आहे.

"आन त्यो बी," मामा चुना लावत म्हणाले, "लाईटबिल थकलं की मधीच बसतो."