तक्रार हवी आहे

माझ्या भाच्याने भायलीला जागा भाड्याने घेतली, तीवर प्लास्टिकचं गवत अंथरलं, भोवती जाळी बांधली, खांबांवर दिवे चढवले आणि दारावर फुटबॉल अकादमीची पाटी लावली. खर्च किती झाला हे त्याने मला सांगितलेलं नाही. पण त्याचे पार्टनर शेठ अधूनमधून येतात, वाकून गवताची एक काडी ओढून बघतात आणि सुस्कारा टाकून गाडीत जाऊन बसतात. त्यावरून आकडा मोठा असावा.

बडोद्यात फुटबॉल शिकवायला बसायला छाती लागते. हे क्रिकेटचं गाव. 1947 साली रणजीच्या अंतिम सामन्यात विजय हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाला इथेच उन्हात उभं करून 577 धावांची भागी केली. ती खेळी न पाहिलेले लोकही ती पाहिल्यासारखी सांगतात. पुढे अंशुमान गायकवाड, किरण मोरे, नयन मोंगिया, मग पठाण बंधू, मग पंड्या बंधू. इथलं पोर पायाशी आलेला चेंडू आधी हातात घेतं, त्याची शिवण शोधतं आणि मांडीवर घासतं. फुटबॉल मांडीवर घासणारा मुलगा मी भाच्याच्या मैदानावर स्वतः पाहिला आहे. सवय लवकर जात नाही.

शेठना या इतिहासाशी कर्तव्य नाही. त्यांचा प्रश्न एकच: 'पण इन्क्वायरी केटली आवी?'

इन्क्वायरी येत नव्हती. वासणा रोडवर लावलेला फ्लेक्स नवरात्रात गरब्याच्या फ्लेक्सखाली गेला, आणि त्या गरब्यावर दिवाळीत टू बीएचकेची स्कीम चढली. उत्तरायणात मैदान भरलं खरं, पण कापलेले पतंग लुटायला आलेल्या पोरांनी. जाताना एकाने जाळीही कापून नेली.

अशात एका संध्याकाळी भाचा मोबाइल नाचवत घरी आला. 'मामा, उपाय सापडला. आपण एक कॉलेजची टीम बोलवायची. राहायला, जेवायला, प्रॅक्टिसला, सगळं आपल्याकडे. फुकट. अमेरिकेत असंच करतात.'

अमेरिकेतला प्रकार मी नंतर नीट वाचून काढला. तो फुटबॉल म्हणजे शिरस्त्राण घालून, चेंडू छातीशी धरून एकमेकांच्या अंगावर धावण्याचा. मिशिगन विद्यापीठाचे कोच जिम हार्बॉ यांनी 2016 साली वसंताच्या सुट्टीत आपला अख्खा संघ बर्फातून उचलला आणि फ्लोरिडात ब्रेडन्टन इथल्या आयएमजी अकादमीत सरावाला नेला. ही अकादमी खासगी. निक बोलेटिएरी या टेनिस गुरूने ती 1978 साली काढली. आंद्रे अगासी तिथलाच. पुढे तिथे इतर खेळही आले. फ्लोरिडा ही शाळकरी फुटबॉलपटूंची खाण, आणि त्यातले निवडक दाणे आयएमजीच्याच वसतिगृहात. म्हणजे मिशिगनने सराव करायचा आणि ज्या पोरांना पुढे आपल्या कॉलेजात ओढायचं त्यांच्या अंगणात करायचा. वर म्हणायचं, आम्ही उन्हासाठी आलो.

दक्षिणेकडच्या कॉलेजांना हे झोंबलं. त्यांच्या संघटनेचे आयुक्त ग्रेग सँकी यांनी हरकत घेतली: बिचाऱ्या विद्यार्थ्यांची सुट्टी हिरावली जाते आहे. विद्यार्थ्यांच्या सुट्टीचा एवढा कळवळा त्याआधी कोणालाही आला नव्हता. वाद पेटला, वर्तमानपत्रं भरली, आणि 2017 साली एनसीएए या राष्ट्रीय संघटनेने सुट्टीत कॅम्पसबाहेर असा सराव करण्यावर बंदीच घातली. हार्बॉ तरी काय वस्ताद! ते त्या वर्षी संघाला घेऊन रोमला गेले आणि पोपना मिशिगनचं शिरस्त्राण भेट देऊन आले.

या सगळ्या भांडणात एका पक्षाला तोंडातून ब्र काढायचीही गरज नव्हती. तो म्हणजे आयएमजी अकादमी. बाजू घेणारे आणि विरोध करणारे दोघेही दर वाक्यात तिचं नाव घेत होते, एक छदाम न मागता. 2023 साली ती अकादमी सव्वाशे कोटी डॉलरला विकली गेली. भाच्याने हा आकडा शेठना सांगितला तेव्हा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा गवताकडे प्रेमाने पाहिलं. ती किंमत एका मिशिगनमुळे आलेली नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. भाच्याने पायावर पाय दिला.

मी त्यांना घरचं उदाहरण दिलं. पंड्यांचे वडील सुरतेतला धंदा आवरून बडोद्यात आले, मुलांना किरण मोरेंच्या अकादमीत घातलं, आणि मोरेंनी हार्दिकची पहिली तीन वर्षं फीच घेतली नाही. आज हार्दिकवर कुठेही लेख आला की ती माफ केलेली फी त्यात असतेच. याहून स्वस्त जाहिरात जगात नाही. एका गुणी पोराची फी माफ करा आणि गप्प बसा.

शेठनी शांतपणे विचारलं, 'मामा, ए पंड्या छे एवी पहिल्या दिवशी खबर कशी पडणार? तोपर्यंत सगळ्यांची माफ करू?'

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मोरेंकडे नजर होती, आमच्याकडे शेठ होते.

मग टीम बोलवायचं ठरलं. कोल्हापूरचं एक कॉलेज अहमदाबादला एका स्पर्धेला निघालं होतं, वाटेत आठवडाभर थांबायला तयार झालं. कोल्हापूर म्हटल्यावर मी खूश झालो. एक तर तिथे फुटबॉल गल्लीत रुजला आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या मूळच्या तालमी. लाल मातीत कुस्ती खेळता खेळता त्यांनी फुटबॉलचे संघ काढले आणि शाहू स्टेडियमवर आजही भांडभांड भांडतात. दुसरं, शाहू महाराजांच्या राणीसाहेब लक्ष्मीबाई म्हणजे बडोद्याच्या खानविलकरांची लेक, 1891 सालचं लग्न. तेव्हा कोल्हापूरकर हे रीतसर आमचे जावई. हे मी भाच्याला सांगितलं ते केवळ अभिमानाने. त्याने ते कोचना सांगितलं, कोचनी पोरांना, आणि पोरं तेव्हापासून जावयासारखी वागायला लागली.

पहिली अडचण मैदानाची. भाच्याचं टर्फ सात-सात जणांचं. पोरं तालुका पालथा घालणारी, शंभर मीटरच्या मैदानाला सरावलेली. त्यांच्या गोलकीने पहिल्याच दिवशी चेंडू हातात घेऊन लांब लाथ हाणली ती समोरची गोलपोस्ट, जाळी आणि रस्ता ओलांडून शेजारच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर. दुसरी अडचण जेवणाची. शेठ जैन. मेसमध्ये कांदा-लसूण नाही, बटाटा नाही. खिचडी-कढी, थेपले, सगळं उत्तम आणि सगळं गोड. आमटीत गूळ सापडला तेव्हा त्यांच्या सेंटर फॉरवर्डचा चेहरा पेनल्टी हुकल्यासारखा झाला. पांढऱ्या रश्श्यावर वाढलेलं शरीर ते! पोरांनी दुसऱ्या रात्री भिंतीवरून उड्या मारल्या आणि फतेहगंजकडे आमलेटची लारी शोधून काढली.

याच लारीने आमचा घात केला. करारात एकच अट होती: रोज एक तरी रील टाकायची आणि अकादमीला टॅग करायचं. पोरं शब्दाला पक्की. रोज रील टाकली. पण तव्यावर चीज उकळतंय, लोणी पळतंय, लारीवाला हवेत अंडी झेलतोय अशी रील एकीकडे, आणि कोनांमधून पळणारी चौदा पोरं दुसरीकडे. लोक काय बघणार? आठवड्याच्या शेवटी लारीपुढे रांग लागली. भाच्याला तीन चौकशा आल्या. त्यातली एक टर्फवर हळदीचा कार्यक्रम करता येईल का, अशी.

पाहुण्याला नाव आणि यजमानाला बिल, ही या गावाची जुनीच रीत. सयाजीबागेच्या संग्रहालयात एक धोंडा आहे. 1902 सालच्या 23 डिसेंबरला गामा पहिलवानाने तो उचलला असं सांगतात. वजन 1200 किलो. त्या धोंड्यापाशी लोक फोटो काढतात, गामाचं नाव घेतात, मिशीला ताव देतात. त्या दिवशी गामाला खुराक कोणी घातला, मैदान कोणी झाडलं, हे विचारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

'मामा,' भाचा अगदी पडलेल्या आवाजात म्हणाला, 'मिशिगनकडे असं काय होतं, जे आपल्याकडे नाही?'

'तक्रार,' मी म्हटलं. 'तुझ्यावर कोणी हरकत घेतलेली नाही.'

त्याच्या डोळ्यांत चमक आली. कारण तक्रारीचा झरा तर भिंतीपलीकडेच होता. शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका, निवृत्त, मराठी, मूळचे दांडिया बाजारातले. कुत्री, टँकर, गरब्याचे भोंगे, वरच्या मजल्यावरची खलबत्त्याची वेळ, काहीही असो, काकांचा अर्ज महापालिकेत पहिला. त्यांनी एक सणसणीत तक्रार केली, ती पेपरात आली, की काम झालं. चेंडू टाकीवर, दिवे डोळ्यांवर, शिट्ट्या कानांवर, मसाला भरपूर.

भाचा त्यांच्याकडे गेला आणि हात जोडून म्हणाला, 'काका, आमचा त्रास होत असेल.'

'छे रे!' काका म्हणाले. 'बस. चहा घे.'

झालं होतं असं, की टाकीवरचा चेंडू आणायला आलेल्या पोरांनी बंद पडलेला फ्लोट-व्हॉल्व्ह जाता जाता दुरुस्त करून दिला होता. शिवाय मंगळवारी काकांच्या आरतीला झांजा वाजवायला कोणी नसे, तिथे आता अठरा जण शर्टाची बटणं लावून उभे राहत. काका रोज संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून सराव बघत होते. दिव्यांचा उलट फायदा. त्या उजेडात पेपर वाचता येतो.

मग मला मध्ये घालण्यात आलं. मी काकांना विनवलं, 'तुमच्यासारख्या माणसाने चार ओळी तरी लिहायला हव्यात. काहीच खटकत नाही का?'

'खटकत नाही कसं?' काका ताठ बसले. 'बरंच खटकतं.'

दुसऱ्या दिवशी त्यांनी चार ओळी नाही, चार पानं दिली. फूलस्केप, दोन्ही बाजूंनी. विषय: खासगी अकादमीतील गंभीर त्रुटी. आत लिहिलं होतं की डावा बॅक फार पुढे जातो आणि त्याची जागा भरायला कोणी येत नाही. गोलकी कॉर्नरच्या वेळी रेषेला चिकटून राहतो. कोचची शिट्टी अर्धा सेकंद उशिरा वाजते. आणि सात जणांच्या मैदानावर अकरा जणांचा व्यूह शिकवणं ही शुद्ध फसवणूक आहे. शेवटी नियमांचे हवाले. हुतूतूचे नियम छापून 1923 साली त्याच नियमांनी अखिल भारतीय सामने भरवणारं, मुजुमदारांच्या व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढणारं हे शहर; इथल्या सेक्रेटरीने नियमांत कसूर करावी अशी अपेक्षाच चुकीची होती.

कोल्हापूरच्या कोचनी ती पानं वाचली, दोनदा वाचली आणि झेरॉक्स मागितली. शेठ मात्र उल्हसित. तक्रार ती तक्रार! भाच्याने पानं एका पेपरच्या कचेरीत नेऊन दिली आणि रविवारी पहाटे पाचला उठून अंक घेतला.

बातमी आली होती. एक कॉलम, फोटोसह. फोटो काकांचा. मथळा ज्येष्ठ नागरिकाच्या क्रीडाप्रेमाबद्दल. मजकुरात आमच्या अकादमीचा उल्लेख 'शहराबाहेरील एक खासगी संस्था' असा. भाच्याने फोन केला तर उपसंपादक म्हणाले, नाव छापलं की जाहिरात होते, त्याचं दरपत्रक वेगळं आहे, पाठवू का?

कोल्हापूरचा संघ अहमदाबादला गेला. काकांना आता आसपासची चार पोरं आपापल्या पालकांसह भेटायला येतात, आणि ते गॅलरीतूनच मार्गदर्शन करतात. फी घेत नाहीत.

हा लेख लिहितोय हे भाच्याला कळलं तेव्हा तो लगेच आला. म्हणाला, 'मामा, यात तरी अकादमीचं नाव घाला.' मी म्हटलं, संपादक कापतील. 'मग शेठचं?' तेही कापतील. तो बराच वेळ विचार करत बसला. मग म्हणाला, 'निदान लँडमार्क तरी लिहा. लोक शोधत येतील.'

मी लिहायला तयार होतो. पण तिथे जवळ ओळखीची अशी खूण एकच आहे, आणि ती म्हणजे काकांची गॅलरी.