चौदा टक्के आणि चिंतामणी

डिझेलच्या गाडीचा सगळ्यात मोठा गुण जाहिरातीत कुणी सांगत नाही. ती बेफिकीर माणसाला सांभाळून घेते. काटा तांबड्या पट्ट्यात गेला तरी ती मुकाट्याने महागावपर्यंत नेते, तिथं पंप येतो, पंपावरचा पोरगा 'सर, शून्य पाहा' म्हणतो, आपण शून्य सोडून मोबाइल पाहतो, आणि पाच मिनिटांत पुढचे पाचशे किलोमीटर आपल्या टाकीत जमा. नियोजन नावाची गोष्ट जन्मात न करता माणूस आर्णीहून तुळजापूरला जाऊन सुखरूप परत येऊ शकतो. मी असाच जात-येत आलो. मग मी विजेची गाडी घेतली.

घेण्यामागे कारण होतं. आमच्या जुन्या डिझेलच्या गाडीला पंधरा वर्षं होत आली होती, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, फिटनेस आणि एजंटाचा चहा हे सगळं समोर दिसत होतं. नवीन डिझेल घ्यावी म्हटलं, तर 1 एप्रिल 2020 ला भारत स्टेज सहा लागू झाल्यापासून लहान डिझेल गाड्या शोरूममधून जवळपास गायबच झाल्या आहेत. पेट्रोलने लिटरमागे शंभरी केव्हाच ओलांडली. मी भौतिकशास्त्राचा शिक्षक, तेव्हा कागद घेऊन हिशेब मांडला. पेट्रोलची गाडी पंधराचं मायलेज देत असेल, तर किलोमीटरला सात रुपये. विजेची गाडी एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला रुपया-दीड रुपया. हा कागद मी बायकोला दाखवला. तिने तो उलटा करून मागे किराणा लिहिला.

आर्णी तालुक्यात चहावरची चर्चा हलक्यात घ्यायची नसते. आमच्या दाभडीत 20 मार्च 2014 ला 'चाय पे चर्चा' झाली, तेव्हा देशभराचे कॅमेरे तिथं आले होते. माझ्या गाडीच्या चर्चेला कॅमेरे नव्हते, वक्ते मात्र भरपूर होते. एकाने सांगितलं, पंचेचाळीस डिग्रीत बॅटरी फुटते. दुसऱ्याने सांगितलं, पावसात गाडीला हात लावला की करंट लागते. बॅटरीला सहसा आठ वर्षांची वॉरंटी असते, असं मी म्हणालो, तर तिसरा म्हणाला, "सर, आठ वर्षांनी गाडीचं काय करान? बैल लावसान काय?" आणि दिग्रसहून खास आलेल्या आमच्या मेहुण्याने शेवटचा घाव घातला. "भाऊजी, तुमची वीज येते कुठून? चंद्रपूरच्या कोळशातून. म्हणजे तुमी गाडी नाई, कोळशाचं इंजिन घेऊन रायले."

कोळशाचा मुद्दा खोटा नव्हता. वणीच्या कोळशाच्या खाणी आमच्याच जिल्ह्यात आहेत, आणि चंद्रपूरचं औष्णिक केंद्र 2920 मेगावॅटचं आहे. पण कार्यक्षमता हा माझा आवडता धडा. डिझेलच्या इंजिनात घातलेल्या ऊर्जेतला फार तर तिसरा हिस्सा चाकापर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होऊन उडून जाते. विजेची मोटार नव्वद टक्क्यांच्या आसपास वापरते. शिवाय कोळशाच्या जागी उद्या छतावरचं सोलर येऊ शकतं, डिझेलच्या टाकीत ऊन भरता येत नाही, असं सगळं मी सविस्तर समजावलं. समजावून झालं तेव्हा कपं रिकामी होती आणि खुर्च्याही.

तसंही आमच्या जिल्ह्याला इंधन बदलायची घाई कधीच नव्हती. यवतमाळ–मूर्तिजापूरची शकुंतला आगगाडी 1921 साली मँचेस्टरला बनलेल्या वाफेच्या इंजिनावर चालायची. जग विजेच्या रेल्वेवर गेलं, दिल्लीत मेट्रोची आखणी सुरू झाली, पण आमची शकुंतला 1994 च्या एप्रिलपर्यंत कोळसाच खात होती, आणि मग कुठे तिने डिझेलला तोंड लावलं. उलट तिकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशींनी विजेवरची सायकलरिक्षा बनवली, तीही आताच्या ई-रिक्षा रस्त्यावर दिसायच्या कितीतरी आधी. म्हणजे महाराष्ट्र पुढे होता. यवतमाळ जिल्ह्याचं आणि माझं जरा मागे चाललं होतं.

गाडी आली. हिरवी नंबरप्लेट, आवाज नाही, धूर नाही, गेअर नाही. बायकोने ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, मी रुबाबात चार्जर काढला, पोर्चमधल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटमध्ये खुपसला, आणि चार्जरवर तांबडा दिवा लागला. पुन्हा काढला, पुन्हा लावला, सॉकेटवर फुंकर मारली, चार्जर उलटा धरून हलवला. दिवा तांबडाच. शेवटी वायरमनला बोलावलं. तो कधीकाळी माझाच विद्यार्थी. त्याने पिशवीतून टेस्टिंगचा बल्ब काढला, एक वायर फेजला लावली, दुसरी न्यूट्रलला. बल्ब लख्ख पेटला. मग दुसरी वायर वरच्या जाड भोकात घातली. बल्ब ढिम्म.

"सर, हे तिसरं भोक निस्तं शोभेचं हाय. घराले अर्थिंगच नाई."

आयुष्यभर मी फळ्यावर तीन रेघांचं ते अर्थिंगचं चिन्ह काढत आलो, 'अर्थिंग नसेल तर जीव जाऊ शकतो' हे वाक्य अधोरेखित करून घेत आलो, त्यावर दोन गुणांचा प्रश्न काढत आलो, आणि घर बांधल्यापासून त्याच घरात अर्थिंगशिवाय गीझर लावून अंघोळ करत आलो. वायरमन फार सभ्य. त्याने फक्त एवढंच विचारलं, "सर, तो प्रश्न मले परीक्षेत आला होता ना?"

मग अंगणात छातीएवढा खड्डा खणला गेला. त्यात तांब्याची पट्टी, तिच्याभोवती एक थर कोळसा, एक थर मीठ, परत कोळसा, परत मीठ. मी दुकानात जाऊन खडेमिठाची गोणी आणि लाकडी कोळसा मागितला, तेव्हा दुकानदाराने 'कैरीचं लोणचं की कंदुरी?' असा रास्त प्रश्न विचारला. आमची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, ओल गेली की अर्थिंगही जातं, म्हणून वायरमनने त्या जागेवर रोज बादलीभर पाणी ओतायला सांगितलं. तेव्हापासून मी रोज सकाळी आंघोळ करून अंगणातल्या मोकळ्या मातीला पाणी घालतो. शेजारच्या काकू बरेच दिवस कंपाउंडवरून पाहत होत्या. एके दिवशी न राहवून त्यांनी विचारलं, "सर, काय पेरलं? उगवून नाई रायलं अजून."

दिवा हिरवा झाला. मग बिल आलं. माझ्या कागदी हिशेबात युनिटचा दर एकच होता, पण घरच्या मीटरचा दर पायऱ्यापायऱ्यांनी चढतो: शंभर युनिटपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा, त्यावर आणखी वेगळा. आधी आमचं घर खालच्या पायऱ्यांवर सुखाने बसलेलं असायचं. गाडीने त्याला हाताला धरून वर नेलं, कूलरने मागून ढकललं. तरी डिझेलच्या खर्चापेक्षा ते कमीच होतं, हे मी बायकोला पटवून दिलं. किराण्याच्या कागदाची मागची बाजू तिने जपून ठेवली होती. तिने ती नुसती समोर धरली.

पण खरी परीक्षा मे महिन्यात झाली. नागपूरला लग्न होतं. आर्णीहून यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी करत नागपूर दोनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. गाडी कागदावर त्याहून पुष्कळ जास्त चालते. पण कागदावर एसी नसतो, मे महिना नसतो, आणि मागच्या सीटवर आहेराची भांडी मांडीवर घेतलेला मेहुणा तर नसतोच नसतो. जाताना वर्ध्याला चार्जिंग केलं. नागपुरात पाहुण्यांच्या घरी पोचल्याबरोबर अर्थिंग विचारलं (आता मी कुणाच्याही घरी आधी अर्थिंग विचारतो, मग तब्येत), गाडी सॉकेटला लावली आणि दिवसभर निश्चिंत मनाने मांडवात मिरवलो. संध्याकाळी वायर गुंडाळली आणि निघालो. किती टक्के झाले हे पाहण्याचा प्रश्न नव्हता. दिवसभर लावून ठेवलेली गाडी भरलेलीच असणार.

वर्धा मागे पडलं. देवळी मागे पडलं. मध्ये केव्हातरी गाडीने 'टिंग' केलं. मला वाटलं, मागे कुणीतरी पट्टा लावला नाही. मी मेहुण्याला झापलं. त्याने भांडी सावरत पट्टा तपासला, लावलेला होता. मी गाण्याचा आवाज थोडा वाढवला. कळंब जवळ आलं, तेव्हा बायकोने समोरच्या पडद्याकडे बोट दाखवलं.

"अहो, हे चौदा काय आहे?"

"तापमान असेल."

"चौदा डिग्री? मे महिन्यात? कळंबला?"

मी पाहिलं. चौदा टक्के बॅटरी होती. दिवसभर नागपुरात गाडीने एक युनिटही घेतलं नव्हतं, कारण गाडीच्या ॲपमध्ये 'फक्त रात्री अकरानंतर चार्जिंग' अशी वेळ घालून ठेवलेली होती. घालणारा मीच, हेतू काटकसरीचा, आणि हे सगळं मला तिथं, महामार्गाच्या कडेला, दोन्ही दिवे चमकवत उभा असताना आठवलं. गाडी बिचारी शिस्तीची. दिवसभर अकरा वाजायची वाट पाहत उभी राहिली.

कळंबला चिंतामणीचं मंदिर आहे. चिंता हरण करणारा गणपती. शहरातले लोक ज्याला 'रेंज अँक्झायटी' म्हणतात, त्या रोगावर विदर्भात इतकं नेमकं दैवत असताना ॲप कशाला उघडायचं, असं म्हणून बायकोने गाडी आधी तिकडे वळवायला लावली. दर्शन झालं. टक्के तेरा झाले.

कळंबहून यवतमाळ पंचवीसेक किलोमीटर, आणि यवतमाळ पठारावर, म्हणजे सगळा चढ. वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. मी हे सूत्र तोंडपाठ म्हणत होतो आणि त्यातलं वस्तुमान मागे भांडी घेऊन बसलेलं होतं. एसी बंद केला. खिडक्या उघडल्या तर हवेचा रोध वाढतो म्हणून त्याही बंद केल्या. चाळीसच्या वेगाने, पदराने वारा घेत, घाम पुसत, श्वाससुद्धा जपून घेत आम्ही निघालो. ट्रक पुढे गेले, एसटी पुढे गेली, एका मोपेडवर नवरा-बायको, दोन पोरं आणि सिलिंडर पुढे गेलं. शेवटी कुटार भरलेला एक ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून गेला, आणि ट्रॉलीवर बसलेल्या पोराने जाता जाता विचारलं, "काकाजी, धक्का देऊ काय?"

यवतमाळला चार्जिंगच्या ठिकाणी पोचलो तेव्हा पडद्यावर एकच आकडा उरला होता, तोही लहान. बंदूक गाडीला लावली. ॲप उघडायला खिशातून फोन काढला. फोन बंद. लग्नात व्हिडिओ काढून काढून त्याची बॅटरी संपली होती. बायकोचा फोन आहेराच्या यादीसोबत नागपुरातच राहिलेला. मग मेहुण्याने सावकाश आपला फोन काढला, माझ्याकडे पाहिलं, ॲप उतरवलं, स्वतःच्या नंबरवर ओटीपी घेतला, स्वतःच्या खात्यातून पैसे भरले, आणि कट्टर डिझेलवादी माणसाच्या बोटाने माझी गाडी भरायला लागली. तासभर आम्ही आलूबोंडे आणि तर्रीपोहे खाल्ले. डिझेलवर वाचलेले पैसे त्यात बसले.

तिथून आर्णी उतारावर, अरुणावतीच्या काठी. उतारावर पाय उचलला की मोटारच जनरेटर होऊन वीज परत करते, आणि खरंच एका उतारावर पडद्यावरचा आकडा एकाने वाढला. गाडीत टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठी टाळी मेहुण्याची होती.

आता लोक विचारतात, "सर, घ्यावी काय?" मी खरं ते सांगतो. स्वतःचं घर असेल, स्वतःचा सॉकेट असेल, रोजचं जाणं-येणं आर्णी–यवतमाळएवढं असेल, तर डोळे मिटून घ्या. दर महिन्याला मुंबई-पुण्याला पळावं लागत असेल, तर जरा थांबा. राज्याच्या 2025 च्या धोरणात महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं ठरलं आहे. ते होऊ द्या. त्याच धोरणात समृद्धी, मुंबई–पुणे द्रुतगती आणि अटल सेतूवर विजेच्या गाड्यांना टोलमाफी आहे, पण आर्णीच्या माणसाने त्यावर फार हुरळून जाऊ नये, कारण यांतला एकही रस्ता आर्णीवरून जात नाही. आणि रात्री झोपण्याआधी फोन चार्जिंगला लावायचं ज्याच्या लक्षात राहतं, त्यानेच गाडीची किल्ली ठेवावी. आमच्याकडे ती आता बायकोकडे असते. गाडी माझ्या नावावर आहे, टक्के तिच्या.

मेहुण्याच्या फोनमध्ये ते ॲप तसंच राहिलं. रोज काहीतरी सवलत कळवायचं, बचतीचा हिशेब दाखवायचं. त्याने तो हिशेब माझ्यासारखा कागदावर मांडला नाही. सरळ शोरूममध्ये गेला आणि दिवाळीत विजेची गाडी घेऊन आला. माझ्यापेक्षा मोठी. आता तो दर रविवारी दिग्रसहून न चुकता आमच्याकडे येतो, गाडी पोर्चमध्ये लावतो, वायर जोडतो, जेवतो, झोपतो आणि संध्याकाळी भरल्या बॅटरीने परत जातो. आमचं घर बिलाच्या वरच्या पायरीवर कायमचं राहायला गेलं आहे.

त्याच्या घरी अर्थिंग नाही.