मुलगा काय करतो?

सुप्यात बारावीचा निकाल लागला की पोराच्या भवितव्यावर बोलायला घरच्यांपेक्षा शेजारीच जास्त जमतात. भाच्यानं केमिकल इंजिनिअरिंगचं नाव काढलं आणि त्यातलाच पदवीधर म्हणून मला साक्षीला बसवण्यात आलं.

"हे शिकून काय होता येतं?" तात्यांनी विचारलं.

"काहीही," मी म्हणालो. बैठक इथंच माझ्यावर उलटली.

सावरायला मी सांगितलं, "तापवायचं, निववायचं, मिसळायचं, वेगळं करायचं. फक्त टनांच्या हिशेबात, आणि काही न फुटता."

"मग आचाऱ्याच्या हाताखाली लावा की," आत्या म्हणाली. "फी तरी वाचंल."

मी जिल्ह्यातलंच उदाहरण काढलं. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना 1950 साली सुरू झाला. उसाच्या रसाला चुना आणि गंधकाचा धूर द्यायचा, गाळ बसवायचा, मग पॅनमधली हवा ओढून घ्यायची. दाब उतरला की रस कमी आचेवर उकळतो आणि साखर करपत नाही. उरलेल्या मळीचं स्पिरिट, त्याचं इथेनॉल, ते पेट्रोलमध्ये. हेच डोकं दूध पावडरीला, रंगाला, टायरला, औषधाच्या गोळीला, सांडपाण्याला चालतं. सांडपाणी ऐकताच आत्यानं पदर नाकाला लावला.

शेवटी मोठी नावं बाहेर काढली. माशेलकर मुंबईच्या यूडीसीटीत हेच शिकले. ते सीएसआयआरचे प्रमुख असताना, 1997 साली, हळदीचं अमेरिकी पेटंट रद्द झालं.

"म्हणजे वकिली केली."

मुकेश अंबानीही यूडीसीटीचेच.

"त्यांना कुठं नोकरी शोधायची होती?"

चीनचे शी जिनपिंग?

"पुढारी व्हायला पारनेर तालुक्यात शिक्षण लागत नाही."

'रॉकी 4' मधला तो धिप्पाड रशियन, डॉल्फ लुंडग्रेन, त्याची मास्टर्सची पदवी यातलीच.

"थोडक्यात, एकालाही कारखान्यात करमलं नाही," तात्यांनी निकाल दिला. "उद्या मुलीच्या बापानं विचारलं, मुलगा काय करतो, तर काय सांगायचं? साखर, टायर, हळद आणि चीन?"

सगळे गप्प झाले. इतका वेळ सुपारी कातरत बसलेले थोरले मामा म्हणाले, "सांगायचं, एमआयडीसीत आहे."

सुप्यात यापुढं कुणी काही विचारत नाही. कॅप राउंडचा फॉर्म त्याच संध्याकाळी भरला.