साडेतीन मुलं

मराठी माणसाला साडेतीनाचं भारी वेड. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणेही साडेतीनच. 2025 च्या एप्रिलपासून सहा महिने लंडनजवळच्या स्लावला लेकीकडे राहून आले, तेव्हा कळलं की इंग्रज सरकारनेही एक साडेतीन बाळगलेलं आहे. साडेतीन मुलं.

लेक तिथे चाइल्डमाइंडर आहे. म्हणजे आपल्याकडची पाळणाघरवाली काकूच, पण ऑफस्टेड नावाच्या सरकारी खात्यात नोंद झालेली, वर्षाला 35 पौंड फी भरणारी, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेली काकू. घरात मुलं किती घ्यायची, हे मात्र काकूने ठरवायचं नसतं. आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा. त्यांतली ‘लहान’ तीन. त्या तिघांतलं वर्षाखालचं फक्त एक.

“लहान म्हणजे किती लहान?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

पाचवा वाढदिवस झाल्यावर जी पहिली 1 सप्टेंबर उजाडेल, तोवर मूल लहान. म्हणजे 31 ऑगस्टला पाच पूर्ण करणारा पोरगा रात्री झोपताना लहान असतो आणि सकाळी उठतो तो थोर. 2 सप्टेंबरला जन्मलेला मात्र पाच पूर्ण होऊनही जवळजवळ वर्षभर लहानच राहतो. आपल्याकडे असलं काही सांगायला पंचांग लागतं. तिथे सरकारी पुस्तिका पुरते.

तीन झाली, आता अर्धं. चार वर्षांचा एक मुलगा सकाळी पावणेआठला यायचा, शाळेत जायचा आणि शाळा सुटली की परत यायचा. चार-पाच वर्षांचं मूल फक्त शाळेच्या आधी-नंतर किंवा सुट्टीत येत असेल, तर ते तीन लहानांच्या वर चालतं, सहाच्या आत बसलं की झालं. आता हा बाबा रोज दूध सांडायचा, डावा बूट उजव्या पायात घालायचा आणि दार लागलं की आईसाठी भोकाड पसरायचा. पण कायद्याने तो त्या तिघांत नव्हता. रडायचा मात्र पूर्ण मुलाएवढं.

आणि मी? मी शून्य. त्या घरात राहणाऱ्या, सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाची पार्श्वभूमी तपासावी लागते. माझे कागद कुठेतरी फिरत होते, आणि ते येईपर्यंत मला मुलांजवळ एकटीला ठेवायचं नाही, असं लेकीने पहिल्याच दिवशी बजावलं. तिला बाथरूमला जायचं झालं तरी मी स्वयंपाकघरात आणि मुलं तिच्या नजरेच्या टप्प्यात. मी म्हटलं, “अगं, मी अकरा सांभाळलीत!”

“म्हणूनच,” ती म्हणाली.

सांगते. 1988 साली डोंबिवलीत, वन रूम किचनमध्ये, मी पाळणाघर चालवत होते. प्रमाण विचारायला माझ्याकडे कधी कोणी आलं नाही. आयांना सात अठ्ठावीसची लोकल गाठायची असायची. त्या दारातूनच मूल आत सरकवायच्या, पिशवीत दोन लंगोट, एक झबलं, “काकू, जरा सर्दी आहे हं” आणि जिन्यावरून खाली. घेता घेता अकरा झाली. दुपारी मऊ भात, तूप, मेतकूट. मग सतरंजीवर सगळी ओळीने, वाळत घातलेल्या सांडग्यांसारखी. एक कडेवर, एक पायावर, बाकीची देवाच्या भरवशावर. देवाचं प्रमाण एकास नऊ.

एकदा दुपारी वीज गेली. अंधारात डोकी मोजली, दहा. परत मोजली, दहाच. अडीच वर्षांचा एक कमी. जिना, गच्ची, पाण्याची टाकी, टाकीचं झाकण उचलून आतसुद्धा बघितलं. वीस मिनिटांनी सापडला, खालच्या वाण्याच्या दुकानात, गोणपाटावर बसून गूळ-शेंगदाणे खात. वाणी म्हणाला, “मला वाटलं, तुम्हीच पाठवला.” संध्याकाळी त्याची आई आली. मी म्हटलं, “आज छान खाल्लंन हो त्याने.” खोटं नव्हतं ते. आज तो न्यू जर्सीत असतो, दर दिवाळीला मला फोन करून माझ्या मेतकूट-भाताची आठवण काढतो. त्याला अजून सांगितलेलं नाही.

त्या वीस मिनिटांत वरची दहा कोणी सांभाळली, हा प्रश्न मला पडला तो थेट स्लावला.

केंद्र सरकारने 2018 साली कचेऱ्यांच्या पाळणाघरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित बाई, शिवाय मदतनीस, असं आहे. म्हणजे तीस वर्षं आधी मी फक्त एका मुलाने पुढे होते. प्रशिक्षण आणि मदतनीस सोडून.

तर तीन हा आकडा काही वेडा नाही. तीन मुलं म्हणजे दोन हात आणि एक कंबर. हसू येतं ते वेगळ्याच गोष्टीचं. बाई तीच, हात तेच, आणि तिला किती मुलं पेलतात हे मात्र लंडनमध्ये कोण मंत्री आहे त्यावर बदलतं. 2013 च्या जानेवारीत तेव्हाच्या बालसंगोपनमंत्री लिझ ट्रस यांनी प्रस्ताव आणला: चाइल्डमाइंडरने तिनाऐवजी चार लहान मुलं घ्यावीत, वर्षाखालचं एकाऐवजी दोन. नर्सरीत दोन वर्षांच्या चार मुलांमागे एक बाई असायची, तिने सहा घ्यावीत. स्वस्ताई येईल, असा हिशेब. जूनमध्ये उपपंतप्रधान निक क्लेग यांनी तो हाणून पाडला. 2022 मध्ये ट्रसबाई स्वतः पंतप्रधान झाल्या, आणि आता प्रमाणच काढून टाकायचा विचार चालू आहे, अशा बातम्या पेपरांत आल्या. तेवढ्यात बाईच गेल्या. सात आठवडे टिकल्या. तिथल्या एका वर्तमानपत्राने त्यांच्या फोटोशेजारी लेट्यूसचा गड्डा ठेवून आधी कोण सुकतं बघायची पैज लावली होती. पालेभाजी जिंकली.

मग 2023 च्या सप्टेंबरात नर्सरीतल्या दोन वर्षांच्या मुलांचं प्रमाण चारावरून पाचावर गेलंच. कारण दिलं स्कॉटलंडचं, तिथे पाच चालतात म्हणून. शेजारणीच्या घरी चालतं म्हणून आपल्याही घरी चालवायचं, ही पद्धत आम्हाला फक्त फोडणीपुरती ठाऊक होती. शिवाय सरकार म्हणालं, सक्ती नाही, ऐच्छिक आहे. ऐच्छिक या शब्दाचा अर्थ नोकरी केलेल्या कोणालाही विचारा.

नर्सरीच्या गणितात एक रत्न आहे, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. तीन वर्षांवरची आठ मुलं एका बाईकडे. तीच बाई पदवीधर शिक्षिका असेल तर तेरा. म्हणजे पदवीची किंमत पाच मुलं. माझ्याकडे बी.कॉम. आहे. लेकीला विचारलं, त्याची किती धरतील? ती म्हणाली, “आई, प्लीज.”

चाइल्डमाइंडरांनाही 2023 ला सवलत मिळाली. आधीपासून सांभाळत असलेल्या मुलाचं भावंड आलं, किंवा स्वतःचंच मूल असलं, तर तिनावर जाता येतं. अट एवढीच की प्रत्येक मुलाकडे नीट लक्ष आहे, हे आईबापांना आणि ऑफस्टेडच्या तपासनिसांना पटवून द्यायचं. ही सवलत माझ्या लेकीला हवी होती ती 2020 साली. तेव्हा नात वर्षाची होती आणि स्वतःच्या आईच्या घरात एक जागा अडवून बसली होती. पोटचं मूलही मोजतात ना! तिनातली एक जागा पोरीची, कमाईच्या उरल्या दोन. जावई म्हणाला, “मी तिची फी देतो.” आणि खरंच दिली असती त्याने, डाव्या खिशातून उजव्या खिशात. सवलत आली तेव्हा नात दप्तर घेऊन शाळेत निघाली होती.

या सगळ्यामागची गोम लेकीने मला भांडी घासताना समजावली. सरकारने नोकरी करणाऱ्या आईबापांना आठवड्याचे तीस तास मोफत द्यायचं कबूल केलंय, वर्षातले 38 आठवडे. 2025 च्या सप्टेंबरपासून तर नऊ महिन्यांच्या बाळापासून. उरलेले 14 आठवडे बाळं काय करतात, विचारू नये. मोफत म्हणजे आईबापांना मोफत. पैसे सरकार देतं, आणि त्या दरात भागत नाही ही सांभाळणाऱ्यांची जुनी ओरड. तास कबूल केले, आता ते तास भरायला माणसं हवीत. माणसं तर चाललीत. दहा-बारा वर्षांत नोंदणीकृत चाइल्डमाइंडर निम्म्याहून कमी झाल्या. नव्या याव्यात म्हणून 2023 च्या बजेटात 600 पौंडांचं बक्षीस लावलं, एजन्सीमार्फत आल्यास 1200. तरी माणूस येईना, मग आहे त्याच माणसाच्या वाट्याला एक मूल वाढवायचं. त्याला बजेटात तरतूद लागत नाही. जेवायला पाहुणे वाढले की आपण आमटीत पाणी घालतो, तसंच हे. फक्त इथे आमटी माझी लेक आहे.

तिचा दिवस मी जवळून बघितला. बागेत जायचं म्हणजे तीन मुलांचे सहा मोजे. पहिल्याचे दोन घालून होतात तोवर दुसरीने एक काढलेला असतो. तिसऱ्याचा मोजा घालताना पहिल्याला शू लागते. चौथं मूल म्हणजे आणखी दोनच मोजे, असं मंत्रालयात बसलेल्या माणसाला वाटू शकतं. पण मोजे बेरजेने वाढत नाहीत. ज्याला मोजे घालून झाले तो आता मोकळा असतो, आणि मोकळा माणूस दाराकडे जातो. वाण्याचं दुकान कुठल्याही गावात असतंच.

ऑगस्टअखेर एका बाईंचा फोन आला. त्यांचा थोरला हिच्याकडेच असतो, धाकटी दोन वर्षांची. सप्टेंबरपासून तिलाही घ्या. भावंड आहे, नियमात बसतं, त्यांनी सगळं वाचलं होतं. लेकीने मला ऐकू यावं म्हणून फोन स्पीकरवर टाकला. बाई चांगल्या होत्या हो, आवाज रडवेला होता, कामावर रुजू व्हायची तारीख ठरलेली. “कायद्याने चालतं ना आता?” त्या तीनदा म्हणाल्या. तो आवाज मी सात अठ्ठावीसच्या लोकलला रोज ऐकलेला आहे. त्या आवाजाला मी अकरा वेळा हो म्हटलं होतं.

लेक म्हणाली, कायद्याने चालतं, माझ्या हातांना नाही चालत. हे तिने इंग्रजीत, बरंच गोड करून, चार मिनिटं लावून सांगितलं.

पलीकडे जरा शांतता. मग बाईंनी विचारलं, “तुमची आई आलीय ना? त्या एवढं एक बघणार नाहीत का?”

मी पदर खोचला. लेकीने माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि फोनवर म्हणाली की आई मोजण्यात येत नाही.

तेवढ्यात बेल वाजली. डायपरचं खोकं आलं असणार. तिघं गालिच्यावर गाडी-गाडी खेळत होती. लेक दाराकडे निघाली, दोन पावलं गेली, थांबली, मागे वळली.

“आई, चल.”

मी उठले आणि तिच्या मागून खोकं घ्यायला गेले.