किल्ली नको, कुलूप द्या

पुण्याच्या बोहरी आळीतल्या हार्डवेअरवाल्यांनी नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली आहेत, पण आमच्या सोसायटीतल्या नानांपुढे त्यांनीही हात टेकले. चारचौघं कुलूप मागताना ‘मजबूत द्या’ म्हणतात. नाना काउंटरवर दहा कुलपं मांडायला लावतात, एकेकाच्या भोकाला डोळा लावतात, कानाशी धरून हलवतात आणि विचारतात, “यातलं उघडण्यासारखं कुठलं?”

दुकानदार मुकाट्यानं किल्ली पुढे करतो.

“किल्लीनं नव्हे हो. किल्लीनं काय, कोणीही उघडेल!”

दुकानदार त्यांचे पांढरे केस बघतो, इस्त्रीचा शर्ट बघतो आणि हळूच विचारतो, “काका, घरचं कोणी बरोबर आलंय का?”

नानांची उभी हयात बँकेत गेली, त्यातही बरीच वर्षं स्ट्राँगरूमच्या किल्ल्या सांभाळण्यात. या किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. दोघं हजर असल्याखेरीज दार उघडत नाही. म्हणजे नानांनी नोकरीत एकही महत्त्वाचं दार एकट्याच्या बळावर उघडलेलं नाही. निवृत्तीनंतर कोणी भजनाला लागतं, कोणी शेअरबाजाराला. नाना तारेचे आकडे घेऊन कुलपांना लागले. किल्लीविना कुलूप उघडण्याचा हा छंद जगभर आहे आणि त्याचे दोन नियम आहेत: परक्याच्या कुलपाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि वापरात असलेल्या कुलपाला, ते स्वतःचं असलं तरी, लावायचा नाही. त्यामुळे नानांकडची कुलपं कशालाच लावलेली नसतात. तासभर घाम गाळून उघडलं, की पलीकडे डायनिंग टेबल.

उघडण्यापेक्षा कठीण काम निवडण्याचं, असं नानांचं ठाम मत आहे. त्यांच्याकडे पहिलं आलं ते पारदर्शक प्लॅस्टिकचं, आतलं सगळं दिसणारं. ते त्यांनी चहा निवायच्या आत उघडलं, बिल्डिंगभर दाखवलं, आणि नंतर साध्या पितळी कुलपापुढे त्यांची बोटं लाकडासारखी झाली. “अहो, त्या प्लॅस्टिकच्यात डोळा शिकतो, हात नाही,” असं ते आता नवशिक्यांना बजावतात. नवशिके म्हणजे मी आणि वॉचमन.

आतली गंमत ते बँकेच्या भाषेत सांगतात. लायनस येल या अमेरिकन माणसानं 1861 साली पेटंट घेतलेलं, पिनांचं कुलूप. मध्ये फिरणारा गोल गाभा, त्यात वरून उतरलेल्या पाच-सहा पिना, प्रत्येक पीन दोन तुकड्यांत, वर स्प्रिंग. किल्लीचे दाते सगळ्या पिनांचे सांधे एका रेषेत आणतात आणि गाभा फिरतो. आता कारखान्यात भोकं कितीही नेमकी पाडली तरी केसभर इकडेतिकडे होतातच. त्यामुळे गाभ्यावर हलका ताण दिला, की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत, एकावेळी एकच अडकते. “कर्जाची फाइल!” नाना म्हणतात. “एकावेळी एकाच टेबलावर अडकलेली असते. ते टेबल हुडकायचं, हलकेच वर सरकवायचं, की पुढचं टेबल.” बनवणाऱ्याची ढिलाई हेच नानांचं भांडवल. म्हणून नव्या कुलपाची तारीफ करताना ते “काय सुरेख ढिसाळ काम आहे!” असं म्हणतात.

पण ढिसाळपणालाही मर्यादा हवी. रस्त्यावर मिळणारं अगदी स्वस्त कुलूप त्यांना चालत नाही. त्यात आकडा घालून करवतीसारखा पुढेमागे ओढला की ते उघडतं, आणि आपण काय केलं हे आपल्यालाच कळत नाही. शिवाय आत कीस राहिलेला, स्प्रिंगा खरखरीत. बोटाला काही ऐकू येत नाही. (नाना बोटांनी ऐकतात. कानांनी नाही, हे त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, म्हणणं.) चांगलं सरावाचं कुलूप आपल्यापेक्षा एकच इयत्ता पुढं असावं लागतं. तीन इयत्ता पुढचं आणलं तर माणूस महिनाभर त्यात खुपसत राहतो, आणि हाताला लागते ती फक्त चुकीची सवय, वाजवीपेक्षा जोरात ताण देण्याची.

या इयत्ताही ठरलेल्या आहेत. कराट्यासारखे पट्टे असतात: पांढरा, पिवळा, नारिंगी, हिरवा असे चढत चढत काळ्यापर्यंत, आणि कुठलं कुलूप कुठल्या पट्ट्याचं याची यादी असते. नाना सध्या नारिंगी आहेत. अमेरिकेतला मुलगा येताना काकूंसाठी बदाम आणतो आणि नानांसाठी कुलपं: मास्टर लॉक कंपनीचं पत्र्यांच्या थरांचं तीन नंबरचं, आबसचं पितळी चाळीस मिलिमीटरचं. मागल्या खेपेला विमानतळावर त्याची बॅग उघडली, तेव्हा आत अकरा कुलपं आणि बॅगेला एकही नाही, हे त्या कस्टमवाल्याला अखेरपर्यंत पटलं नाही.

पिवळ्या पट्ट्यानंतर नानांच्या आयुष्यात रिळाच्या पिना आल्या. नेहमीची पीन सरळ असते, ही मध्ये बारीक, दोऱ्याच्या रिळासारखी. गाभा थोडासा फिरतो, काळजात लख्ख होतं, आणि तिथंच रुततो. “तत्त्वतः मंजुरी,” नाना कडवटपणे म्हणतात. “कर्ज मिळालं म्हणून पेढे वाटायचे आणि मग कळायचं की हमीदारच नाही.” पुढं जायचं तर ताण किंचित सैल सोडून गाभा मागं येऊ द्यायचा असतो, म्हणजे मिळवलेलं घालवायची तयारी हवी. बँकेतल्या माणसाला हे फार जड जातं. शेवटी त्यांनी उघडून पिना बदलता येतात असा सिलिंडर घेतला आणि एकच रिळाची पीन ठेवून सुरुवात केली, मग दोन, मग तीन. एवढ्याशा पिना धरायला चिमटी लागते; घरातल्या ग्लुकोमीटरची चिमटी त्याच सुमारास हरवली असं काकू म्हणतात. ग्लुकोमीटरला चिमटी नसते, असं नानांचं म्हणणं.

एवढी विद्या अंगी असताना सोसायटीत मात्र त्यांची पत नाही, आणि त्याला कारण तिसऱ्या मजल्यावरचा तो प्रसंग. जोशीकाकू कचरा ठेवायला बाहेर आल्या, वाऱ्यानं दार लागलं, लॅच आतून पडला, गॅसवर कुकर. सगळे नानांकडे धावले. नाना आले, भोकात पाहिलं, “पाच पिनांचा दिसतोय,” म्हणाले आणि हात मागं घेतला. वापरातलं कुलूप! नियम दुसरा. चार शिट्ट्या होईपर्यंत ते नियमामागचं तत्त्व समजावत होते: आकड्यानं एखादी स्प्रिंग दुखावली तर किल्लीही चालणार नाही. तेवढ्यात वॉचमननं कोल्ड्रिंकच्या बाटलीचा तुकडा कापून आणला, दाराच्या फटीत सरकवला, खाली ओढला. दार उघडलं. टाळ्या वाजल्या.

“हे कुलूप उघडणं नव्हे,” नाना जिन्यात मला म्हणाले. “कुलपाला वळसा घालणं आहे. ही कला नाही.” पाचवी शिट्टी झाली नाही, हे जोशीकाकूंना पुरेसं होतं.

त्यांच्या मनातला खरा वीर म्हणजे आल्फ्रेड हॉब्ज. कुलपं बनवणाऱ्या जोसेफ ब्रामाच्या दुकानानं लंडनला पिकॅडिलीच्या खिडकीत 1790 पासून एक कुलूप मांडलं होतं. उघडेल त्याला दोनशे गिनी. 1851 च्या महाप्रदर्शनाला आलेल्या हॉब्ज या अमेरिकन माणसानं आधी चब कंपनीचं नावाजलेलं कुलूप पंचवीस मिनिटांत उघडलं आणि मग ब्रामाचं घेतलं. सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास लागले. साठ वर्षं कोणाला न उघडलेलं कुलूप! नानांना त्यातल्या दोनशे गिनींचं काही नाही. “सोळा दिवस,” ते म्हणतात, “आणि कोणी मध्येच भाजी आणायला पाठवलं नाही.”

आपल्याकडचं एक दुःख त्यांना वेगळं आहे. इथली दाराला टांगलेली बहुतेक जुनी कुलपं लिव्हरची. गोदरेज मुंबईत 1897 पासून कुलपं करतंय. त्यांच्या नवताल कुलपांवर सात, आठ असे लिव्हरचे आकडे ठोकलेले असतात. आत पिना नाहीत, पट्ट्यांची चळत; पिनांच्या कुलपांसाठीचे तारेचे आकडे तिथं निकामी. म्हणजे नाना लंडन-अमेरिकेत पटाईत आणि स्वतःच्या गच्चीच्या दारापुढे निरक्षर. जुन्या बाजारातून त्यांनी किलोवर लिव्हरची कुलपं आणून ठेवली आहेत, पण हिरव्या पट्ट्याआधी त्यांना हात लावायचा नाही असं ठरवलंय.

हत्यारांची चामडी पिशवी मात्र अंधार पडला की घराबाहेर जात नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 122 मध्ये सूर्यास्त ते सूर्योदय घरफोडीचं हत्यार जवळ सापडणं हा गुन्हा आहे, आणि सबळ कारण सिद्ध करायची जबाबदारी बाळगणाऱ्याची. ‘छंद’ हे कारण चौकीत सांगून बघण्याची त्यांची छाती नाही. त्यामुळे बासष्टाव्या वर्षी नाना सातच्या आत घरात.

घरात किल्ल्यांचा ताबा काकूंकडे. दाते दिसले की पिनांची उंची कळते, ती कॉपी झाली, म्हणून नवं कुलूप आलं की नाना डोळे मिटून किल्ली काकूंच्या हातात देतात. कुलूप नानांकडे, किल्ली काकूंकडे: पुन्हा तोच जॉइंट कारभार. परवा रात्री एक वाजता सहा पिनांचं, त्यात चार रिळांच्या, पहिल्यांदा उघडलं. साक्षीदार हवा म्हणून त्यांनी काकूंना उठवलं.

काकूंनी कडी बघितली. “उघडलं ना? मग लावा आणि झोपा.”

नानांनी लावलं. आणि काकूंनी नीट पाहिलं नव्हतं, म्हणून पुन्हा उघडायला बसले. सकाळी दूध आलं तेव्हा बसलेलेच होते, आणि काकू किल्ली द्यायला तयार नव्हत्या.